पायाखालून नाहींसा झालेला क्लच

श्रावणांतील एका सोमवारीं घृष्णेश्वराच्या दर्शनास निघालों असतां दौलताबादच्या घाटांत आमची गाडी खोळंबली. चढावर वाहनांची लांब रांग लागली होती. भाचा ब्रेक न दाबतां ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी जागच्या जागीं तोलून धरीत होता. आम्हीं हटकलें तेव्हां म्हणाला, "मामा, ही स्वयंचलित गाडी. हिला क्लचच नाहीं, मग झिजणार काय?" हा समज पुष्कळांचा असल्यामुळें या वेळीं त्याचाच विचार करूं.

वस्तुतः क्लच गेलेला नसून केवळ त्याचा पायडल गेला आहे. गाडी उभी राहिली तरी इंजिन फिरतच असतें. म्हणून इंजिन व चाकें यांना जोडणें आणि विलग करणें हें काम कोणीं तरी केलेंच पाहिजे. क्लचच्या चकत्या एकमेकींवर दाबल्या कीं घर्षणानें एकत्र फिरतात. दाब काढला कीं सुटतात. पूर्वी हें डावा पाय करी. आतां संगणकाच्या आज्ञेनें यंत्रच करतें.

आमच्या छत्रपती संभाजीनगराजवळ शेंद्रा येथें स्कोडाचा कारखाना आहे. तेथें जुळविल्या जाणाऱ्या कोडियाक गाडींत सात गिअरांचा डीएसजी गिअरबॉक्स असतो. त्यांत एक सोडून दोन क्लच आहेत! पहिला, तिसरा, पांचवा व सातवा हे विषम गिअर एकाकडे, तर सम गिअर दुसऱ्याकडे. गाडी दुसऱ्या गिअरमध्यें वेग घेत असतां तिसरा आधींच जुळवून ठेवलेला असतो. मग एक क्लच सुटतां सुटतां दुसरा पकड घेतो. पालखी खालीं न टेकवितां भोई खांदा बदलतात, तसाच हा प्रकार. भाच्याच्या गाडींतही असेच दोन क्लच होते.

पकड पुरी बसली असतां किंवा पुरी सुटली असतां क्लच फारसा झिजत नाहीं. झीज होते ती अर्धवट पकडींत. चकत्या घासतात आणि तापतात. अशा गाडींत ब्रेक दाबून उभें राहिल्यास क्लच सुटा होतो. ॲक्सिलरेटरवर तोलल्यास तो सारखा घासत राहतो. तेलांत बुडालेला क्लच ही उष्णता बरीच सोसतो, कोरडा कमी. फार तापल्यास पकड सुटून गाडी मागें घसरण्याचाही संभव असतो.

भाच्यानें ब्रेक दाबला व रांग सरकेपर्यंत तसाच धरून ठेवला. आमच्या मागें लागूनच दुसरी गाडी उभी होती, आणि तींत लहान मुलें होतीं.