नावेचे निर्लेखन

म्हैसूरच्या रेल्वे संग्रहालयात महाराणींचा शाही डबा निगुतीने जतन केलेला आहे. १९७९ साली उघडलेले हे संग्रहालय पाहून आपले मराठी पाहुणे त्याची वाखाणणी करतात, आणि ती रास्तच आहे. परंतु तापोळ्याच्या एखाद्या जुन्या लाँचचे सुकाणूही असेच जपावे, असा विषय काढला की तीच मंडळी हसतात. ‘भंगारात कसला आला इतिहास?’ या हास्याचाच येथे प्रतिवाद करावयाचा आहे.

कोयना धरण १९६४ साली पुरे झाले. सुमारे ५० किलोमीटर लांबीचा शिवसागर पसरला. महाराष्ट्राला वीज मिळाली, आणि खोऱ्यातील गावे, शेते व पायवाटा पाण्याखाली गेल्या. काठावर उरलेल्या वस्त्यांना लाँच हीच वाट झाली. बाजाराचा बोजा, आजारी माणूस, लग्नाचे वऱ्हाड, सारे तिनेच वाहिले. आज तापोळा-बामणोलीस नौकाविहार करणाऱ्याला पाणी दिसते. पाण्याखालचे गाव दिसत नाही. त्या गावाची आठवण देईल अशी वस्तू म्हणजे जुन्या लाँचचे चाक, घंटा वा इंजिन.

कोणी म्हणेल, ती लाँच कोठे राजघराण्याची होती? राणीचा डबा तेवढा इतिहास आणि रयतेचे वाहन भंगार, हा भेद लोकशाहीस शोभत नाही. स्वित्झर्लंडमधील लुसर्नच्या वाहतूक संग्रहालयात तेथील सरोवरावर चाललेली १८४८ ची ‘रिगी’ ही आगबोट सबंध जपली आहे. तिनेही उतारूच वाहिले होते.

आपण कचेरीतील माणसे. सरकारी वस्तू कशी मरते, हे आपणांस ठाऊक आहे : ‘निरुपयोगी’ असा शेरा, निर्लेखनाचा प्रस्ताव, लिलाव आणि नोंदवहीत तांबडी रेघ. त्या प्रस्तावात आणखी एक रकाना हवा, ‘जपण्याजोगा भाग’. मात्र असा भाग उपाहारगृहाच्या भिंतीवर शोभेसाठी टांगू नये. तो धक्क्यावरच छपराखाली ठेवावा, आणि शेजारी लाँचचे थांबे व बुडालेली गावे यांची यादी लिहावी. त्या यादीवाचून सुकाणू म्हणजे नुसते लोखंड. यादीसह तोच खोऱ्याचा दस्तऐवज.

धरणासाठी घरदार सोडणाऱ्यांचे ऋण फेडणे आपल्या आवाक्याबाहेरचे असेल. एक लोखंडी चाक लिलावातून वगळणे तरी खचित नाही.