टेम्पोचा विमा : आधी वापर सांगा, मग प्रीमियम विचारा



नोकरीची वाट पाहत न बसता स्वतःचा धंदा उभा करणाऱ्या आपल्या तरुणांची पहिली पसंती अनेकदा गाडीलाच असते. कोणी छोटा हत्ती घेतो, कोणी पिकअप, तर कोणी व्हॅन घेऊन शाळेची मुले पोहोचवतो. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाचे किंवा बँकेचे कर्ज, आईचे मोडलेले दागिने, बचत गटाची उचल असे सारे त्या चार चाकांवर उभे असते. गाडी निवडायला महिनाभर लागतो. विमा मात्र शोरूममध्ये किंवा आर.टी.ओ.बाहेरच्या टेबलावर पाच मिनिटांत उतरवला जातो. "कमीत कमी कितीत बसेल?" हा एकच प्रश्न विचारला जातो. त्याच्या आधी कोणते प्रश्न विचारले पाहिजेत, ते आज पाहू.

प्रथम विम्याचे दोन प्रकार समजून घ्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीने दुसऱ्याचा जीव गेला, कोणी जखमी झाले किंवा दुसऱ्याची मालमत्ता मोडली, तर त्याची भरपाई यातून होते. मालमत्तेच्या नुकसानीला साधारणतः साडेसात लाखांची मर्यादा असते. आपल्या स्वतःच्या गाडीसाठी मात्र यातून एक पैसाही मिळत नाही. त्यासाठी दुसरा प्रकार, म्हणजे पॅकेज पॉलिसी. लोक तिलाच 'फुल विमा' किंवा 'फर्स्ट पार्टी' म्हणतात. अपघात, चोरी, आग, पूर आणि दंगल यांत आपल्या गाडीचे झालेले नुकसान तिच्यात येते.

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते. २०२२ च्या अधिसूचनेत साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी तो १६,०४९ रुपये होता. हा दर सर्व कंपन्यांना सारखाच असतो, तेव्हा कोणी त्यात 'खास सूट' देऊ लागला तर सावध व्हा. विमा नसताना गाडी चालवली तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. पण दंड ही लहान गोष्ट झाली. अपघात न्यायाधिकरणाने भरपाईचा हुकूम केला आणि विमा नसला, तर ती रक्कम मालकाकडून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. घर, शेत, भांडीकुंडी सारे पणाला लागते.

आता पहिला प्रश्न : गाडी कशासाठी वापरणार? पांढऱ्या पाटीची खासगी व्हॅन घेऊन भाडे मारणारे पुष्कळ दिसतात. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने केलेला वापर वगळलेला असतो. अशा वेळी अपघात झाला, तर गाडीच्या दुरुस्तीचा दावा नाकारला जाण्याची दाट शक्यता असते. प्रीमियममध्ये वाचवलेले काही हजार एका रात्रीत लाखांना पडतात. शाळेच्या मुलांसाठी राज्यात २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत. तेव्हा परवाना, नोंदणी आणि पॉलिसी या तिन्ही कागदांवर एकच वापर लिहिलेला हवा.

दुसरा प्रश्न : गाडीत कोण बसणार? गावाकडचे लग्न असो, हळद असो की ६ डिसेंबरला दादरला जाणे असो, मालाच्या टेम्पोच्या हौद्यात पंचवीस-तीस माणसे बसवून नेण्याची आपल्याकडे सवय आहे. मालवाहू गाडीच्या विम्यात मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी येतो. ही सोय १९९४ च्या कायदा दुरुस्तीने झाली. गाडीवर कामाला ठेवलेला ड्रायव्हर, क्लीनर आणि हमाल यांचीही सोय असते. त्यांची संख्या पॉलिसीत लिहून घ्यावी आणि त्यासाठीचा थोडा जादा प्रीमियम भरावा. पण हौद्यात बसलेले वऱ्हाडी या विम्यात येत नाहीत. टेम्पो उलटला, तर मेलेल्याच्या घरच्यांना विमा कंपनीकडून हक्काने मागता येत नाही आणि टेम्पोवाला आयुष्यभर कर्जात बुडतो. दोन्ही घरे आपलीच असतात. माणसे न्यायची असतील, तर प्रवासी परवान्याची गाडी करा. तिच्यातही जितक्या प्रवाशांची नोंद असेल तितक्यांचीच जबाबदारी कंपनीवर येते. जास्तीचे कोंबलेले प्रवासी मालकाच्या माथी.

तिसरा प्रश्न : गाडी चालवणार कोण? मालक स्वतः चालवत असेल, तर १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा घ्यावा लागतो. तो आधीच स्वतंत्र घेतलेला असल्यास दुसऱ्यांदा घेण्याची गरज नाही. गाडी मालकाच्या नावावर आणि त्याचे लायसन्स चालू, या दोन अटी मात्र पाळाव्या लागतात. पगारी ड्रायव्हरची जबाबदारी पॉलिसीत येते. राहतो तो धाकटा भाऊ किंवा भाचा, जो पगाराशिवाय अडीअडचणीला गाडी काढतो. त्याच्याच चुकीने अपघात होऊन तो दगावला, तर तो मालकाच्या जागी धरला जातो, थर्ड पार्टी ठरत नाही. त्याच्यासाठी निराळा अपघात विमा काढून ठेवा. बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वयाच्या माणसाला अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचे संरक्षण देते. निदान एवढे तरी घरातल्या प्रत्येकाने करावे.

लायसन्सबद्दलचा एक गोंधळ आता मिटला आहे. हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेल्याला साडेसात टनांच्या आतील मालवाहू गाडी चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. तेव्हा छोट्या टेम्पोवर निराळ्या लायसन्सची सबब सांगून कोणी दावा अडवला, तर हा निकाल दाखवा. मात्र मुदत संपलेल्या लायसन्सला या निकालाचा आधार मिळत नाही.

चौथा प्रश्न : गाडीची किंमत किती लिहिली? पॉलिसीवर 'आय.डी.व्ही.' असे लिहिलेले असते, ती गाडीची विम्यापुरती ठरवलेली किंमत. गाडीच्या वयाप्रमाणे त्यातून घट धरतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. समजा, सात लाखांच्या टेम्पोला अडीच वर्षे झाली. त्याची किंमत चार लाख नव्वद हजार धरली पाहिजे. एजंटने ती साडेतीन लाख लिहिली, तर प्रीमियममध्ये हजार-दोन हजार वाचतील. पण टेम्पो चोरीला गेला तर एक लाख चाळीस हजार कमी मिळतील. शिवाय गाडी कर्जाची असेल, तर भरपाईवर पहिला हक्क कर्ज देणाऱ्याचा असतो. बँकेचे भागवून आपल्या हाती काय उरेल, हा हिशेब आधीच मांडा.

पाचवा प्रश्न : पॉलिसीत काय नाही? मालवाहू गाडीच्या साध्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बॉनेट, बंपर आणि रंगकाम यांचे पैसे पूर्ण नुकसानीखेरीज मिळत नाहीत. जादा प्रीमियम भरून 'आय.एम.टी. २३' हे कलम जोडून घ्यावे लागते. शहरातल्या गर्दीत आधी मोडते ते हेच, म्हणून हे कलम आहे की नाही ते बोट ठेवून विचारा. प्लास्टिक, रबर आणि बॅटरी यांवर निम्मी घट धरतात, काचेवर धरत नाहीत. गाडीत भरलेला माल या विम्यात येत नाही. त्याचा विमा वेगळा. पुराच्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारून चालू करायला गेलात आणि इंजिन निकामी झाले, तर तो खर्चही साध्या पॉलिसीतून सहसा मिळत नाही. सखल भागात गाडी उभी राहत असेल, तर इंजिनाचे जादा संरक्षण मिळते का ते पाहा. गाडीला नंतर सी.एन.जी. किट बसवले असेल, तर त्याची नोंद आर.सी. बुकात आणि पॉलिसीत, दोन्हीकडे हवी.

सहावा प्रश्न जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी : नाव कोणाचे? सह्या केलेले फॉर्म घेऊन वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नावावर गाडी चालवू नका. विकणाऱ्यालाही हे धोक्याचे आहे, कारण नोंदीत ज्याचे नाव, त्यालाच कोर्ट मालक धरते. घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यावी. थर्ड पार्टीचे संरक्षण गाडीबरोबर येते, पण पॉलिसी नावावर नसेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा टिकत नाही. 'नो क्लेम बोनस' मात्र जुन्या मालकाचा, तो गाडीबरोबर येत नाही. दावा न केल्यास ही सवलत २० टक्क्यांपासून वाढत पाचव्या वर्षी ५० टक्क्यांवर जाते. म्हणून लहानसहान ओरखड्यासाठी दावा करण्याआधी बेरीज-वजाबाकी करा. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले, की ही सारी सवलत बुडते.

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. प्रीमियमचा चेक वटला का ते पाहा. न वटल्यास पॉलिसी रद्द होऊ शकते. पॉलिसी खरी आहे ना, हे एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर घालून घरबसल्या तपासता येते. घरात शिकणारी मुलगी किंवा मुलगा असेल, तर हे काम त्यांच्याकडे द्या. अपघात झाल्यास जखमींना आधी दवाखान्यात पोहोचवा, पोलिसांना आणि कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअरने पाहण्याआधी गाडी खोलू नका.

दावा नाकारला तर तो लेखी नाकारून घ्या. कंपनीकडे लेखी तक्रार करूनही महिनाभरात उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तेथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

पुढच्या वेळी पॉलिसी नवी करताना जुनी घेऊन बसा आणि हे सहा प्रश्न एकेक करून तिच्याशी ताडून पाहा. ज्या प्रश्नाचे उत्तर पॉलिसीत लिहिलेले सापडणार नाही, ते एजंटकडून लिहून घ्या आणि मगच पैसे मोजा.