अँटेना चार, भरवसा किती?

प्लॅन २०० एमबीपीएसचा, तरी आतल्या खोलीत ऑनलाइन लेक्चर अडकतंच. मग आपण नेटवाल्याच्या नावाने बोटं मोडतो. त्याआधी एकदा घरातल्या राउटरकडे बघा.

खोक्यावर ‘एसी १२००’ असं ठळक छापलेलं असतं. हा आकडा म्हणजे २.४ गिगाहर्ट्‌झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्‌झचे ८६७ यांची वर ओढलेली ढोबळ बेरीज, तीही कागदावरची. फोन मात्र एका वेळी एकाच बँडवर चालतो. २.४ भिंतीपलीकडे पोचतो, पण शेजारपाजारच्या वाय-फायच्या गर्दीत अडकतो. ५ वेगवान, पण दोन भिंतींत दमतो. शिवाय अनेक स्वस्त राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच. म्हणजे पैसे २००चे, हातात शंभरही नाही!

पण स्पीडपेक्षा मोठा प्रश्न सुरक्षेचा आहे. २०१६मध्ये ‘मिराई’ मालवेअरने कंपनीचा पासवर्ड तसाच ठेवलेले राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले. त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबरला ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स अनेक ठिकाणी काही तास कोलमडल्या. आपलं यंत्र यात सामील आहे, हे घरच्यांना कळणार तरी कसं?

म्हणून अँटेना मोजू नका. दुकानदाराला तीनच गोष्टी विचारा : पोर्ट गिगाबिट आहेत का? डब्ल्यूपीए-३ आहे का? सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं मिळणार? तिसऱ्याचं उत्तर गोलमोल आलं, तर सरळ दुसरं मॉडेल बघा. आणि घरी आल्यावर पहिलं काम, अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. वाय-फायचा नव्हे, राउटरचा!