कसब्यातील घरी राहिलेले मत

कसबा पेठेच्या २०२३ मधील पोटनिवडणुकीची चर्चा आजही जातीच्या फूटपट्टीने होते. मुक्ता टिळक यांच्या निधनानंतर उमेदवारी टिळक घराण्याबाहेर गेली, त्यामुळे एक वर्ग दुरावला आणि १९९५ पासूनचा भाजपचा बालेकिल्ला ढासळला, असे हे गणित. ते अगदीच खोटे नाही, नाराजी होतीच. पण नाराज मतदार गेला कोठे?

२६ फेब्रुवारीला, रविवार असूनही, जेमतेम निम्म्या मतदारांनी मतदान केले. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांना ७३,३०९ आणि हेमंत रासने यांना ६२,३९४ मते पडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा धंगेकरांना ७०,६२३ मते मिळाली, म्हणजे त्यांची मते फारशी घटली नाहीत. रासने मात्र ९०,०४६ मतांवर पोहोचले. विरोधकांचा मतदार दोन्ही वेळा आला. आपला एकदाच आला, असाच याचा सरळ अर्थ निघतो.

गिरीश बापट त्या पोटनिवडणुकीत नाकाला प्राणवायूची नळी लावून, चाकाच्या खुर्चीतून कार्यकर्त्यांसमोर आले होते. धडधाकट मतदारांना मात्र मतदान केंद्रापर्यंतची वाट लांबची वाटली! दोष केवळ त्यांचाही नव्हे. ‘ही घरे आपलीच’ असे गृहीत धरून ज्या वाड्यांचे जिने कार्यकर्ता चढत नाही, तेथील रुसवा मतमोजणीच्या दिवशीच कळतो. उमेदवारी जाहीर होताच पहिली फेरी याच घरांत झाली पाहिजे.