सज्जनगडावर निदान एक रात्र

आपल्या मंडळाच्या यंदाच्या अभ्याससहलीवरून बरीच चर्चा झाली, आणि थोडे भांडणही. महाबळेश्वर, पुणे, कोल्हापूर ही नेहमीची नावे आली. मी सज्जनगड सुचवला, आणि तोही दोन तासांत उरकायचा नाही, मठात मुक्काम करायचा. त्यावर तीन हरकती निघाल्या. आपले कॉलेज पाद्रींचे, आपण मठात कशाला राहायचे? रामदास म्हटले की वाद आलाच, तो अंगावर का घ्यायचा? तिसरी हरकत जरा हळू आवाजात आली: तिथे दिवसभर करायचे तरी काय? बैठक आटोपायची घाई होती, त्यामुळे तिथे नीट बोलता आले नाही. म्हणून इथे.

मी गेल्या डिसेंबरात तिथे दोन रात्री राहिले आहे. आई, मी आणि सांकवाळची माझी एक मैत्रीण. वास्कोहून गोवा एक्सप्रेस सरळ साताऱ्याला जाते, पण पोचते अपरात्री. उजाडेपर्यंत स्टेशनावर बसायची तयारी हवी. शहरापासून गड साधारण 15 किलोमीटर. वाहनतळापर्यंत गाडी जाते, पुढे दोनेकशे पायऱ्या. याचे जुने नाव परळीचा किल्ला. शिवाजी महाराजांनी तो 1673 मध्ये आदिलशाहीकडून घेतला, 1676 मध्ये समर्थ रामदास तिथे राहायला आले आणि 1682 मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला. समाधी खाली तळघरात आणि तिच्यावर रामाचे देऊळ.

नोंदवहीत नाव-गाव लिहिले, ओळखपत्र दाखवले, खोली मिळाली. साधी खोली, सतरंज्या, भिंतीत कोनाडा. पैसे किती, हे कोणी सांगितले नाही. पहाटे काकडआरती, दुपारी पंगत, संध्याकाळी उपासना आणि दासबोधाचे वाचन, मग जेवून झोप. रात्री गडाचे दरवाजे बंद होतात, म्हणजे खाली जाऊन चहा पिऊन येऊ वगैरे काही नाही. पहिल्या संध्याकाळी वारा असा सुटला की मुरगावच्या दमट हवेत वाढलेल्या आम्ही दोघी शालीत गुंडाळून बसलो होतो. घंटा झाली आणि सगळे मुकाट्याने उठून चालू लागले. तेव्हा मैत्रीण माझ्या कानात म्हणाली, "हें आमच्या रिट्रीटाभशेन मरे!"

पहिल्या हरकतीला माझे उत्तर हेच आहे. ज्यांनी चर्चची रिट्रीट केली आहे त्यांना मठाची दिनचर्या परकी वाटणार नाही. ठरलेल्या वेळी उठायचे, ठरलेल्या वेळी गप्प बसायचे, समोर आले ते जेवायचे. रामदास गडावर आले त्या सुमारास इकडे जोसेफ वाझ तरुण पाद्री होते. पुढे 1685 मध्ये तेही जुन्या गोव्यात एका टेकडीवरच्या इगर्जीत मोजक्या सोबत्यांबरोबर राहायला गेले, आणि तिथून सिलोनला. दर जानेवारीला सांकवाळच्या फेस्ताला आपल्यातले कितीतरी हिंदूही जातात, तेव्हा कोणी हरकत घेत नाही. वास्कोच्या दामोदर सप्ताहाच्या फेरीत कॅथलिक मुले-मुली असतात, तेव्हाही नाही. मग रस्त्यावर जे चालते ते मंडळाच्या ठरावात आले की का अडते?

शिवाय आपण मराठीचे विद्यार्थी. फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण 1616 मध्ये आपल्याच राशोलला छापले गेले. इंग्लंडात जन्मलेल्या जेझुइटाने येशूची कथा सांगायला ओवी निवडली. तेव्हा रामदास आठ वर्षांचे होते. पुढे त्यांनी दासबोध लिहिला तोही ओवीतच. एक छंद, एक भाषा, एकच शतक. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचायला आपल्यासारखी जागा दुसरीकडे सापडणे कठीण, आणि आपण मात्र दोन्ही उताऱ्यांपुरती वाचतो. दासबोध म्हणजे आपल्याला मूर्खलक्षणे, पाच गुणांना! एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास कितीजणांनी पाहिला आहे? तो चक्क अक्षर कसे काढावे यावर आहे: अक्षर वाटोळे, सुटे असावे, ओळी सरळ असाव्यात, पहिल्या पानाचे वळण शेवटच्या पानापर्यंत टिकावे. गडावर संध्याकाळी दासबोध कानावर पडतो तो असा, अर्थाच्या टिपांशिवाय, माणसांच्या आवाजात. त्या बैठकीत शेजारच्या एका शेतकरी आजोबांसमोर पुस्तक नव्हते, त्यांना लागतही नव्हते.

आता वाद. रामदास हे शिवाजी महाराजांचे गुरू होते की नाही यावर इतिहासकारांचे एकमत नाही, आणि 2022 मध्ये तेव्हाच्या राज्यपालांच्या एका विधानावरून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले ते आपण पाहिले. दासबोधात ब्राह्मणाचे श्रेष्ठत्व सांगणाऱ्या ओव्या आहेत. त्या मला पटत नाहीत, आणि गडावर राहून आल्यावरही पटलेल्या नाहीत. पण साहित्य मंडळाने वाद नको म्हणून कवीच टाळायचा, हे मला त्याहून कमी पटते. त्या ओव्याही सोबत नेऊ आणि तिथे कट्ट्यावर बसून भांडू.

मला मात्र समाधीपेक्षा जास्त वेळ थांबवले ते वेणाबाईंनी. मिरजेच्या मठाच्या त्या प्रमुख. बालविधवा, सतराव्या शतकातली, आणि उभे राहून कीर्तन करणारी. सीतास्वयंवर त्यांनी लिहिले. त्यांची समाधी गडावर आहे. अक्काबाईंचीही तिथेच, समर्थांच्या मागे गडाचा कारभार त्यांनी पाहिला. 1700 मध्ये मोगलांनी गड घेतला, तेव्हा अक्कांनी रामाच्या मूर्ती वासोट्याकडे हलवल्या असे सांगतात. हे ऐकताना कुठ्ठाळीचा मंगेश आठवणारच. 1560 मध्ये त्याला नदीपलीकडे प्रियोळला नेले, ही गोष्ट आपल्या तालुक्यात कोणाला ठाऊक नाही? मूर्ती उचलून अंधारातून निघणाऱ्या माणसांची नावे आपल्याकडे फारशी उरलेली नाहीत. तिथे एका बाईचे उरले आहे. मुलींना मुक्कामाला पाठवायला ज्या घरांतून कुरकुर होते आहे, तिथे वेणाबाईंचे नाव जरूर सांगा. चालले नाही तर शिक्षिका सोबत आहेत हे सांगा, ते चालते.

तिसऱ्या हरकतीला, करायचे काय, तर काम करायचे. मठात राहणे-जेवणे फुकट असते म्हणून सहल स्वस्तात पडेल, असे कोषाध्यक्षांच्या हिशेबात आले आहे. हे काढून टाकावे. पंगतीत आमच्यासमोर भात, आमटी आणि गव्हाची खीर आली. वाढणारी माणसे स्वतः मागून जेवली. आम्ही दुसऱ्या दिवशी विचारून वाढायला उभ्या राहिलो. चार ओळी वाढेपर्यंत कंबर मोडली, आणि आई खुशाल हसत होती. आपले तीसजण दोन दिवस जेवणार असतील तर आपण वाढायचे, झाडायचे, उष्टी काढायची, आणि लॉजवर जेवढे दिले असते तेवढे पेटीत टाकायचे. ते जमत नसेल तर सरळ लॉजवर उतरावे.

गडावर कल्याणस्वामींचे दोन हंडे ठेवले आहेत. त्यांतून ते पायथ्याच्या उरमोडीचे पाणी वर आणत, असे सांगतात. रिकामा हंडासुद्धा आपल्यातला एकजण उचलू शकणार नाही, पण प्रयत्न करायचा नाही. तिथे कुंपण आहे आणि आपली सवय मला माहीत आहे.

तारीख ठरवताना माघातली दासनवमी टाळावी. उत्सवाची गर्दी असते, आणि तीस पाहुणे अधिक झाले तर मठाला उपकार नव्हे, भार. डिसेंबरचा दुसरा आठवडा बरा, परीक्षाही आटोपलेल्या असतात. थंडीचे कपडे, स्वतःचे ताट-वाटी, दासबोधाची एक आणि क्रिस्तपुराणाची एक प्रत. ग्रंथालयात क्रिस्तपुराण एकच आहे आणि ते बाहेर देत नाहीत, त्यामुळे फादरांकडे अर्ज मी दिला आहे. नावे लिहायची वही वाचनकक्षात आहे. आजपर्यंत अकरा नावे आली. पहिले सांकवाळचे आहे.