शिफारशींनाही हवी नोंदचिठ्ठी

कीटकसंग्रहालयात टाचणीवर टोचलेल्या प्रत्येक नमुन्याखाली एक लहानशी चिठ्ठी असते. तो नमुना कोठे, केव्हा आणि कोणी पकडला, याची नोंद तिच्यावर असते. ही चिठ्ठी हरवली, तर कीटक कितीही सुस्थितीत असला तरी संशोधनाच्या दृष्टीने त्याचे मोल जवळजवळ संपते. नमुन्यांबाबत इतकी काटेकोर शिस्त पाळणाऱ्या संस्थांच्या संगणकांत पीक संरक्षणाच्या शिफारशी मात्र अनेकदा चिठ्ठीविना पडून असतात. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम सुधारित’ अशा फाइलींपैकी प्रमाण कोणती, हे त्या तयार करणाऱ्यालाही वर्षभराने सांगणे कठीण जाते.

एका किडीवरील एकच परिच्छेद घडीपत्रिकेत, प्रशिक्षण पुस्तिकेत, आकाशवाणीवरील भाषणात आणि मोबाइल संदेशात उतरतो. मजकुराच्या अशा पुनर्वापरात काहीच गैर नाही. उलट त्यामुळे श्रम वाचतात. दोष आहे तो मुळाशी नाते न ठेवणाऱ्या नकलेत. मूळ मजकूर सुधारला, तरी नकला जुन्याच राहतात.

या दोषाची किंमत शेतकरी मोजतो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये १८ कीडनाशकांवर बंदी घालणारा आदेश काढला. त्यांपैकी फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस यांसह सहा रसायनांवरील बंदी ३१ डिसेंबर २०२० पासून लागू झाली. ही रसायने वर्षानुवर्षे शिफारशींत होती. आदेश एका दिवसात निघतो. मात्र जुन्या पुस्तिकांमधील परिच्छेदांपर्यंत तो आपोआप पोहोचत नाही. अशी पुस्तिका हाती आलेला शेतकरी छपाईचे वर्ष पाहत नाही, तो संस्थेचे नाव पाहतो.

उपाय महागड्या संगणकप्रणालीत नाही, रचनेत आहे. प्रत्येक शिफारस हा स्वतंत्र घटक मानून एकाच भांडारात एकदाच नोंदवावी. पीक, कीड, शास्त्रीय नाव, आर्थिक नुकसानीची पातळी, घटक रसायन, मात्रा, काढणीपूर्व प्रतीक्षा काळ, लेबल क्लेमची स्थिती, पडताळणीचा दिनांक आणि जबाबदार तज्ज्ञ एवढे रकाने पुरेसे आहेत. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी ‘कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी ८ पतंग’ ही पातळी अशा नोंदीत एकदा आली, की प्रत्येक प्रकाशनाने ती तेथूनच घ्यावी. कोणत्या प्रकाशनात कोणता घटक वापरला, याचीही नोंद असावी. म्हणजे बदल झाल्याच्या दिवशीच दुरुस्तीची यादी हाती येते. जुनी आवृत्ती पुसून टाकू नये, ‘कालबाह्य’ असा शिक्का मारून वेगळी ठेवावी. संशोधनाचा इतिहासही जपला पाहिजे.

अशा भांडारामुळे स्थानिक वैविध्य लोपेल, असा आक्षेप घेतला जातो. देशात सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत आणि प्रत्येकाचे हवामान, वाण व पेरणीचा काळ भिन्न आहे, हे खरेच. परंतु रसायनाची कायदेशीर स्थिती सहसा जिल्ह्यागणिक बदलत नाही. समान घटक केंद्रीय भांडारात आणि स्थानिक घटक त्या त्या केंद्राच्या स्वाधीन, अशी विभागणी केल्यास हा आक्षेप उरत नाही. भाषांतरांनाही हेच तत्त्व लागू पडते. मराठी, कन्नड वा तेलुगू मजकूर मूळ घटकाच्या क्रमांकाशी बांधलेला असेल, तर एका भाषेतील दुरुस्ती दुसरीत राहून जात नाही.

प्रारंभ लहानच असावा: एक पीक, त्याच्या प्रमुख किडी आणि एक हंगाम. मात्र प्रत्येक घटकामागे एका तज्ज्ञाचे नाव असलेच पाहिजे, कारण जबाबदारी सर्वांची म्हटली की ती कोणाचीच उरत नाही. दिनांक आणि जबाबदार व्यक्ती यांची नोंद नसलेला कीटक संग्रहालय स्वीकारत नाही. तशी शिफारसही संस्थेच्या नावाने शेतकऱ्याच्या हाती जाऊ नये.