पर्व झाल्यावर बघू



आज माझीच एक चूक सांगते. धाकटा चार वर्षांचा. आंघोळ घालताना त्याच्या जांघेत सुपारीएवढी फुगी दिसायची. रडला की वाढायची, झोपला की गायब. डॉक्टर म्हणाले, हर्निया आहे, ऑपरेशन करून घ्या. मी म्हटलं, दशलक्षण पर्व तोंडावर आलंय, माझे उपवास आहेत, पर्व झाल्यावर बघू. सासूबाई म्हणाल्या, "बेंबीची फुगी बसते तशी हीही बसेल." मलाही तेच ऐकायचं होतं.

पर्वाच्या सातव्या दिवशी फुगी आत जाईना. कडक झाली, लेकरू ओकू लागलं. आतडं अडकलं होतं. डॉक्टरांनी ते हलक्या हाताने आत सारलं आणि सूज उतरल्यावर दोन दिवसांनी दुर्बिणीतून ऑपरेशन केलं.

बेंबीचा हर्निया बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप मिटतो. जांघेतला मिटत नाही. जन्माआधी बंद व्हायची वाट उघडी राहिलेली असते, ती शिवावीच लागते.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात. बेंबीतून कॅमेरा आणि 3 ते 5 मिलिमीटरच्या छिद्रांतून बारीक हत्यारं आत जातात. माझ्या मुलाची दुसऱ्या बाजूची वाटही उघडी दिसली, तीही तेव्हाच बंद केली. दुसऱ्या दिवशी तो घरी आला आणि आठवड्यात अंगणात पळायला लागला.

पण छिद्र लहान म्हणजे ऑपरेशन लहान, असं समजू नका. भूल पूर्णच द्यावी लागते. मुलांच्या हर्नियाला जांघेतली जुनी, छोट्या चिरेची पद्धतही चांगलीच आहे. म्हणून 'दुर्बीण आहे का?' याच्या आधी विचारा, सर्जन मुलांचेच आहेत का, लहान मुलांना भूल देणारे डॉक्टर आहेत का. टाक्याचंही विचारा. विरघळणारा कॅटगट धागा जनावरांच्या आतड्यापासून होतो. त्याऐवजी कृत्रिम धागा मिळतो. हे विचारायला लाजू नका.

त्या रात्री नर्सने औषध आणि दोन घोट पाणी दिलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आई, रात्रीचा नियम माझा आहे, त्याचा नाही." त्या काही बोलल्या नाहीत, पण पेला त्यांनीच धरला.

आपण पाणी गाळून पितो, पाऊल बघून टाकतो. प्रमाद हेच हिंसेचं मूळ, असं पाठशाळेत मुलांना शिकवतो. मग डॉक्टरांनी सांगूनही पोराचं दुखणं पुढे ढकलणं हा प्रमाद नाही तर काय? माझे उपवास पुढच्या वर्षीही झाले असते. आतडं सडलं असतं तर ते परत आलं नसतं.

तुमच्या लेकराच्या जांघेत अशी फुगी दिसली, तर ह्याच आठवड्यात दाखवा. फुगी कडक झाली, मूल ओकायला लागलं, तर त्याच तासाला निघा. पर्व दरवर्षी येतं.